मळी, मासे आणि दगडाळ जमीन: न्यू इंग्लंडची पार्श्वभूमी

बोस्टनला 1773 मधे चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या हे आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलंय, पण त्याच्या आधी दीडशे वर्षं तिथली माणसं काय खात होती, काय विकत होती ते बघितल्याशिवाय तो राग नीट कळत नाही, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि न्यू हॅम्पशायर या आजच्या अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या चार इंग्रज वसाहती म्हणजे न्यू इंग्लंड.

सुरुवात जमिनीपासूनच करायला लागते. हिमयुगातल्या बर्फाने इथली माती खरवडून नेली आणि वितळताना दगडगोटे मागे टाकले. शेतातले दगड वेचून बांधावर रचायचे, आणि हिवाळ्यात जमीन गोठून फुगली की बर्फ वितळल्यावर बघावं तर नवे दगड वर आलेले. ते रचलेले बांध आजही तिथल्या जंगलात मैलोन्मैल दिसतात, म्हणजे आज झाडी आहे तिथे कधीतरी कोणाचं तरी शेत होतं. पिकाचा हंगाम छोटा, हिवाळा लांबलचक. व्हर्जिनियात तंबाखू पिकायचा, कॅरिबियन बेटांवर ऊस, पण इथे परदेशात विकून पैसा येईल असं पीकच नव्हतं.

1620 च्या शेवटी मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी आले आणि प्लिमथला वस्ती करून राहिले, त्यातले जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात मेले. ती जागा काही रिकामी पडीक नव्हती, तिथे पटक्सेट नावाचं, वाम्पानोआग या तिथल्या मूळ लोकांचं गाव होतं, 1616 ते 1619 च्या साथीत ते पार ओस पडलं. त्या गावचा टिस्क्वांटम, ज्याला पुस्तकात स्क्वांटो म्हणतात, त्याला 1614 मधे एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमधे विकायला नेलं होतं, तिथून तो इंग्लंडला पोचला आणि 1619 मधे घरी परतला तर घरच शिल्लक नाही. या माणसाचा विचार आला की मला खरंच गलबलून येतं, कारण त्यानेच पुढे त्या नवख्या लोकांना मक्याच्या आळ्यात मासा पुरून खत कसं द्यायचं ते शिकवलं. इथल्या मूळ बायका मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायच्या, मक्याच्या ताटावर घेवडा चढतो आणि भोपळ्याच्या पानांनी जमीन झाकून तण कमी होतं. इंग्लंडहून आणलेला वाटाणा पहिल्या वर्षी फसला आणि मक्याने तारलं.

1630 मधे जॉन विन्थ्रॉप या पुढाऱ्याबरोबर प्युरिटन लोकांचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधे सुधारणा हवी असलेल्या कडव्या प्रोटेस्टंटांचा, मोठा लोंढा आला, बोस्टन वसलं, आणि पुढच्या दहा वर्षांत साधारण 20 हजार माणसं आली. तोपर्यंतचा धंदा सोपा होता, आधी आलेल्यांनी नंतर आलेल्यांना गुरं आणि धान्य विकायचं. पण 1640 च्या सुमारास इंग्लंडमधे राजा आणि पार्लमेंटचं फाटलं, लोक यायचे थांबले आणि गुरांचे भाव धाडकन कोसळले. माझ्या मते न्यू इंग्लंडची खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण आता समुद्राकडे वळण्याशिवाय इलाज नव्हता.

आणि समुद्र मात्र भरलेला होता. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स आणि केप कॉडच्या पलीकडची जॉर्जेस बँक, हे समुद्रातले उथळ पट्टे, तिथे गार आणि उबदार प्रवाह भेटतात म्हणून माशांना खाणं भरपूर, कॉड नावाचा मासा तर प्रचंड. ग्लॉस्टर, मार्बलहेड, सेलम ही गावं या माशावर वाढली. मासा किनाऱ्यावर आला की डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, मधला काटा काढून उघडून पसरट करायचा, मीठ लावायचं आणि लाकडी मांडवांवर वाळत घालायचा, दिवसा उलटापालटा करायचा आणि संध्याकाळी दव पडायच्या आधी कातडीची बाजू वर करून ठेवायचा. पाऊस आला की सगळ्यांनी धावायचं. आपल्याकडे ज्यांनी बोंबील वाळताना बघितलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

मग प्रतवारी. चांगला मासा स्पेन, पोर्तुगालला जायचा, कारण कॅथलिक लोकांना उपासाच्या दिवशी मटण चालत नाही, मासा चालतो. सगळ्यात खराब, तुटका, नीट न वाळलेला माल कॅरिबियन बेटांवर, उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना खायला. त्या मळ्यांत जमीन उसालाच लागायची, त्यामुळे खाणं बाहेरून यायचं. बदल्यात तिकडून यायची मळी, साखर काढल्यावर उरते ती. त्या मळीची बोस्टन आणि न्यूपोर्टच्या भट्ट्यांमधे रम व्हायची, आणि त्यातली काही रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला वापरली जायची. उत्तरेकडचे लोक म्हणजे धर्मासाठी आलेले कष्टाळू शेतकरी, गुलामी ती दक्षिणेची, असं चित्र आपल्या डोक्यात असतं ते सोडून द्यायला पाहिजे. 1638 मधे डिझायर नावाचं जहाज कॅरिबियनमधून कापूस, तंबाखू आणि आफ्रिकन गुलाम घेऊन बोस्टनला आलं, त्याच जहाजातून आधी युद्धात पकडलेले पेक्वॉट या मूळ जमातीचे लोक तिकडे विकायला नेले होते. 1641 मधे मॅसॅच्युसेट्सने गुलामीला कायद्यात जागाही दिली.

घरातलं आयुष्य चुलीभोवतीचं. मधोमध एक भलंमोठं धुराडं, खिडक्या बारक्या, काच महाग. 1621 मधे मेफ्लॉवरमधूनच आलेल्या एडवर्ड विन्स्लोने मागून येणाऱ्यांना पत्र लिहिलं त्यात खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचं तेल आणा असं सांगितलंय, म्हणजे तेल लावलेल्या कागदातून येईल तेवढाच उजेड. भाकरी मका आणि राय नावाचं धान्य मिसळून, प्यायला सायडर म्हणजे सफरचंदाची दारू, नाहीतर हलकी बियर. शनिवारी सूर्य मावळला की विश्रांतीचा दिवस सुरू, काम बंद, म्हणून घेवड्याचं भांडं आधीच भट्टीत ठेवायचं आणि रविवारी तेच खायचं, पुढे त्यात मळीही पडायला लागली. ख्रिसमस साजरा केला तर मॅसॅच्युसेट्समधे 1659 ते 1681 पाच शिलिंग दंड होता! पण तिथल्याच 1647 च्या कायद्याने 50 घरांच्या गावाला मास्तर ठेवणं सक्तीचं केलं, मुलांना बायबल वाचता यावं म्हणून.

जंगलातल्या उंच व्हाईट पाइनवरही लंडनचा डोळा होता. मॅसॅच्युसेट्सला राजाने दिलेल्या 1691 च्या सनदेत 24 इंच आणि त्याहून जाड झाडं राजाच्या आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखीव ठेवली, आणि आपल्याच रानातलं झाड तोडता येईना म्हणून लोक चिडायचे. त्याहून मोठं म्हणजे 1733 चा मळी कायदा, फ्रेंच बेटांवरच्या स्वस्त मळीवर गॅलनला सहा पेन्स कर. भरला कोणी फारसा नाही, सर्रास चोरटी आयात चालायची. 1764 मधे तोच कर तीन पेन्सवर आणला पण या वेळी वसूल करायचाच असं ठरवून, आणि तिथून जी धुसफूस सुरू झाली ती चहापर्यंत आली. पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने तर 1818 मधे पत्रात लिहून ठेवलंय की अमेरिकेच्या स्वातंत्र्यात मळीचा वाटा मोठा होता हे कबूल करायला लाज कसली.

1775 मधे पार्लमेंटने न्यू इंग्लंडच्या होड्यांना न्यूफाउंडलंडच्या मासेमारीला बंदी केली, कारण मर्मावर घाव कुठे बसेल ते लंडनला बरोब्बर माहिती होतं. स्वातंत्र्ययुद्ध संपवायला पॅरिसला तहाची बोलणी चालू असताना हाच अ‍ॅडम्स कॉडसाठी अडून बसला, आणि 1783 च्या तहात तिसरंच कलम ग्रँड बँक्सवर मासे धरायच्या हक्काचं आहे.