रिपॉझिटरीसाठी पेपर आणताय? छापील पीडीएफ नको, तुमची वर्ड फाइल आणा

मागच्या महिन्यात एक मॅडम बारामतीहून सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरून आमच्याकडे आल्या. पेन ड्राइव्हवर एकच फाइल होती, त्यांच्या संशोधन पेपरची जर्नलच्या साइटवरून उतरवलेली पीडीएफ. वर लोगो, कोपऱ्यात पान 213, तळाला बारीक अक्षरांत प्रकाशकाच्या नावाने कॉपीराइट. आम्हाला ती रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात, चढवता आली नाही आणि त्यांची फेरी वाया गेली. तुमची जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

"पेपर माझाच आहे ना?" लिहिलाय तुम्हीच. पण तो स्वीकारला गेल्यावर प्रकाशकाला घाईत सही करून पाठवलेला कॉपीराइट फॉर्म आठवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी आणि सही करूनच दुसऱ्याला देता येतात. ते दिलेत की नाही, हे त्या फॉर्मवरच कळतं.

आम्हाला लागते ती परीक्षकांच्या दुरुस्त्या करून तुम्ही संपादकांना शेवटी पाठवलेली वर्ड फाइल. बरेच प्रकाशक हीच प्रत संस्थेच्या रिपॉझिटरीत ठेवू देतात. काही 12 किंवा 24 महिने थांबायला लावतात. सगळा वेळ जातो तो ही फाइल शोधण्यात. स्वीकृतीच्या मेलच्या आधीचे मेल उघडा, जर्नलच्या पोर्टलवर लॉगिन करून बघा, सहलेखकांना विचारा. पीडीएफवरचा लोगो झाकून किंवा तिची परत वर्ड फाइल करून आम्ही देत नाही. आम्हाला दोन पैसे सुटतील, पण प्रकाशकाची नोटीस तुमच्या नावावर येईल.

पहिल्या पानावर 'सीसी बाय' (क्रिएटिव्ह कॉमन्सचं, श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारं लायसन्स) असेल तर प्रश्नच नाही, छापील पीडीएफच चालते. श्रेय आणि लायसन्सची लिंक आम्ही घालतो. मात्र हक्क प्रकाशकाकडे असताना रिपॉझिटरीच्या फॉर्मवर स्वतःच्या मनाने सीसी लायसन्स निवडू नका. जे आपल्या हातात नाही ते दुसऱ्याला कसं देणार? आणि हक्क तुमच्याकडे असले तरी विचार करूनच निवडा, कारण एकदा दिलेलं सीसी लायसन्स मागे घेता येत नाही.

येताना वर्ड फाइल, सही केलेला कॉपीराइट फॉर्म आणि स्वीकृतीचा मेल आणा. जर्नलचं धोरण तपासून, डीओआयसह (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) पहिलं पान लावून आम्ही पेपर चढवून देतो. तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. पेपर नुकताच स्वीकारला गेला असेल तर सही करण्याआधीच फॉर्म दाखवायला या. तुमची प्रत रिपॉझिटरीत ठेवण्याचा हक्क राखायचं वाक्य प्रकाशकाला कसं लिहायचं, ते तिथेच बसून करून देऊ.