पारलिंगी तरुणांचे माहितीपट : चित्रणतंत्र

जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेल्या, म्हणजे पारलिंगी, मुलामुलींचे व तरुणांचे आयुष्य त्यांच्याच साक्षीने पडद्यावर मांडताना संमती, ओळखगोपन, भाषा आणि संकलन यांबाबत जी विशेष पथ्ये पाळावी लागतात, त्यांचा या तंत्रात समावेश होतो. ही पथ्ये येथे कोल्हापूर परिसराच्या संदर्भात मांडली आहेत. कोल्हापूरची चित्रपट-परंपरा जुनी आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथेच उभी राहिली आणि १९२९ मध्ये प्रभात कंपनीची स्थापनाही येथेच झाली, पण ती परंपरा मुख्यतः कथापटांची. माहितीपटातला माणूस चित्रीकरण संपल्यावरही त्याच पेठेत राहणार असतो आणि बहुतेक पथ्ये या एका वस्तुस्थितीतून निघतात.

चेहरा धूसर केला की ओळख लपली, हा समज धोक्याचा आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेली तालीम, दुचाकीची क्रमांकपट्टी किंवा शाळेचा गणवेश एवढ्यावरूनही ओळखीचा माणूस घर शोधतो. शिवाय धूसर चेहऱ्यामुळे निरपराध मूल प्रेक्षकाला आरोपीसारखे दिसू लागते. आवाजाची पट्टी नुसती वरखाली केल्यास ती बऱ्याचदा पूर्ववत करता येते, म्हणून तीच साक्ष दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घेणे बरे. २०२० मध्ये रशियाच्या चेचन्या प्रांतातील समलिंगी व्यक्तींच्या छळावरील एका माहितीपटात स्वयंसेवकांचे चेहरे डिजिटल तंत्राने साक्षीदारांच्या चेहऱ्यांवर बसवले गेले, त्यामुळे डोळ्यांतले भाव टिकले. एवढा खर्च न झेपणारे निर्माते रेखाटने, अ‍ॅनिमेशन किंवा हातांची समीपदृश्ये वापरतात.

मराठीत सर्वांत नाजूक जागा क्रियापदाची आहे. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच बोलणाऱ्याची लिंगओळख उघड होते. इंग्रजी उपशीर्षकात हा फरक पुसला जातो. कोल्हापुरात मात्र बायकाही सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या संकलकाने केवळ त्या रूपावरून निष्कर्ष काढू नये. परड्यात भाकरी थापता थापता आई आधी ‘पोरगी’ म्हणते, क्षणभर थांबते आणि मग ‘माझं लेकरू’ म्हणते, तेव्हा तो थांबा कापून टाकणे ही संकलनातील चूक ठरेल, कारण आईचा सगळा प्रवास त्या थांब्यातच आहे. निवेदनात कोणते रूप वापरायचे, हे त्या तरुणालाच विचारावे.

या भागात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेले, बहुधा स्त्रीवेशातले जोगते डोक्यावर ‘जग’ (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन चौंडके या तंतुवाद्याच्या साथीने फिरतात. ही दृश्ये कॅमेऱ्याला भुरळ घालतात, परंतु महाविद्यालयात शिकणाऱ्या पारलिंगी मुलीची गोष्ट सांगताना ती पार्श्वभूमीला जोडणे अन्यायाचे आहे. बालपणीचे छायाचित्र व आजचा चेहरा शेजारी ठेवणे, शस्त्रक्रियेविषयी खोदून विचारणे हेही टाळावे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागतेच, पण मुलाचा स्वतःचा होकारही वेगळा घ्यावा आणि तो दर टप्प्यावर पुन्हा विचारावा. लैंगिक अत्याचाराचा संदर्भ असल्यास लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार, विशेष न्यायालयाच्या परवानगीशिवाय, पीडित बालकाची ओळख उघड करता येत नाही.

कच्चे संकलन प्रथम त्या तरुणाला दाखवण्याची पद्धत आहे. प्रदर्शनाची संमतीही जागेनुसार वेगवेगळी घ्यावी : परदेशातील महोत्सवाला होकार देणारा मुलगा कोल्हापुरातच दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनातील खेळाला नकार देऊ शकतो, कारण तिथल्या खुर्च्यांवर त्याचे मामा आणि त्याचे शिक्षक बसलेले असतील.