वारली चित्राला पाणी लावू नये : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शेणामातीच्या सारवणावर काढलेले वारली चित्र आमच्याकडून घेऊन गेलेल्या ग्राहकांचे दूरध्वनी बहुधा दिवाळीच्या साफसफाईत येतात आणि तक्रार ठरलेली असते : चित्र ओल्या फडक्याने पुसले, फडके लाल झाले, पांढऱ्या रेषा गुलाबी पडल्या, म्हणजे रंग कच्चा होता. रंग कच्चा नव्हता. वारली चित्रे आपल्या परिचयाची आहेत. टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांची माणसे आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी नाचाची वेटोळी ओळखायला कोणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे हे पत्रक चित्र कशाचे बनते आणि त्याला पाणी का चालत नाही, एवढ्यापुरतेच आहे.

आम्ही चित्रे डहाणू, तलासरी आणि जव्हार या भागांतील कलाकारांकडून घेतो. सुती कापड ताणून त्यावर शेणाचा पातळ हात दिला जातो. काही चित्रांत शेणाचाच तपकिरी रंग ठेवतात, तर काहींत तो वाळल्यावर वरून डिंकात कालवलेला गेरू चढवतात. मग तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक कालवून, टोक ठेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने आकृत्या काढल्या जातात. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड असलेली माती. ती पाण्यात विरघळत नाही आणि उन्हाने सहसा विटतही नाही. विरघळतो तो तिला कापडाशी धरून ठेवणारा डिंक. ओले फडके फिरले की डिंक सैल होतो, गेरूचे कण सुटतात, फडक्याच्या ओढीबरोबर सरकतात आणि पिठाच्या सच्छिद्र रेषेत जाऊन बसतात. तेथे बसलेला गेरू पुन्हा काढता येत नाही. फडके जितके जोराने फिरेल तितकी रेष अधिक लाल होते, आणि दुर्दैवाने डाग दिसू लागल्यावर बहुतेक जण जोरच वाढवतात.

असे साहित्य वापरताच कशाला, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. ही चित्रे मुळात टिकवण्यासाठी नव्हतीच. वारली घरात लग्न असले की सवाशिणी सारवलेल्या भिंतीवर चौक, म्हणजे नक्षीची चौकोनी चौकट, काढतात, त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, विधीची गाणी म्हणते. लग्न पार पडल्यावर ती भिंत घरातल्या धुराने काळवंडते, झडते आणि पुढच्या लग्नाला नव्याने सारवली जाते. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त वारली वस्त्यांत कागद पोहोचवला, तेव्हा हे चित्र विधीबाहेर आले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यात डोंगर, भातखाचरे, मासेमारीची जाळी आणि मुंग्यांच्या रांगा आणल्या. जागा बदलली, विषय वाढले, पण साहित्य तेच राहिले : शेण, गेरू आणि पीठ. देवीचा चौक असो वा आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दृश्य, ते ज्या मातीविषयी बोलते त्याच मातीने काढलेले असावे, असे आमचे मत आहे, आणि आमच्या दरात थोडा फरक दिसतो तो याच आग्रहामुळे.

मग वरून वॉर्निश का देत नाही? कारण वॉर्निश पिठाच्या कणांमधल्या पोकळ्या भरून काढते, त्यामुळे पांढरी रेष पारदर्शक होऊन निम्मी दिसेनाशी होते आणि गेरू काळपट पडतो. घरी आणून स्वतः वॉर्निश मारलेली चित्रेही आमच्याकडे आली आहेत. त्यांना काहीही करता येत नाही. लॅमिनेशनबाबतही आमचा सल्ला नकाराचाच आहे.

धूळ काढण्यासाठी रंगकामाचा रुंद, मऊ केसांचा कोरडा ब्रश वरून खाली हलक्या हाताने फिरवणे पुरेसे असते. पाणी चुकून सांडलेच, तर पुसू नये, टिपूही नये. चित्र आडवे ठेवून पंख्यापासून दूर, सावलीत वाळू द्यावे. न घासलेल्या चित्रावर पुष्कळदा ओघळाची कड तेवढी उरते आणि ती लांबून दिसतही नाही. पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आले तर आधी पूर्ण वाळवावे, मग ब्रशने झटकावे. ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नये, आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नाही, कारण तेथे वाफेच्या जोडीला झुरळे असतात व त्यांना तांदळाचे पीठ आवडते.

चौकट करताना काच चित्राला टेकणार नाही, हे पाहावे. टेकली की आतला दमटपणा अडकतो आणि रेषा काचेला चिकटून येतात. कडेने जाड पुठ्ठ्याची माउंट देऊन मध्ये अंतर ठेवणारी चौकट आमच्याकडे करून मिळते. बाहेर करून घेतलीत तरी आमची हरकत नाही, फक्त कारागिराला हा मुद्दा आवर्जून सांगावा. अशा चौकटीतल्या चित्राची काच ओल्या फडक्याने पुसायला हरकत नसते, मात्र पाणी काचेवर न मारता फडक्यावर घ्यावे. ज्यांना पुसता येईल असेच चित्र हवे आहे, त्यांच्यासाठी त्याच कलाकारांनी अॅक्रिलिक रंगांत केलेली चित्रेही आम्ही ठेवतो. प्रत्येक चित्रामागे साहित्य लिहिलेले असते, ते खरेदीपूर्वी वाचावे.

कोरडे बोट हलकेच फिरवूनही भुकटी सुटत असेल, तर डिंक कमी पडला आहे. असे चित्र आम्ही विनामूल्य बदलून देतो. पाण्याने बिघडलेल्या चित्राबाबत मात्र तसे करता येत नाही. खराब झाला तेवढाच भाग सारवला तर त्याच्या कडेने डाग उठतो, म्हणून चित्राखालचे संपूर्ण सारवण नव्याने करून चित्र पुन्हा काढावे लागते, आणि त्याचा खर्च जवळपास नव्या चित्राएवढाच होतो. शिवाय आमचे बहुतेक कलाकार शेतकरी आहेत. जून-जुलैत आवणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी चालू असताना ते असे काम हाती घेत नाहीत. दिवाळीत पुसलेले चित्र त्यामुळे डिसेंबरपर्यंत आमच्याकडेच पडून राहते. नवे चित्र दिवाळीपूर्वी हवे असल्यास आवणी आटोपताच, म्हणजे ऑगस्टमध्ये, माप आणि विषय कळवावा.