‘संपलेला’ स्रोत आणि नियमांचा मागचा दरवाजा

कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं. कर्करोगाच्या उपचारयंत्रातला स्रोत साधारण तेवढ्या काळानं बदलतात, कारण तोच डोस द्यायला रुग्णाला दुप्पट वेळ झोपवून ठेवावं लागतं. रुग्णालयाच्या लेखी तो स्रोत ‘संपला’. किरणोत्सारी स्रोतांच्या नियमनातला सगळ्यात चिवट घोळ या एका शब्दात आहे.

सुरुवातीचे नियम डोसभोवती फिरत होते. क्ष-किरण आणि रेडियम हाताळणाऱ्यांची बोटं गेली, मग मर्यादा आल्या आणि उतरत गेल्या. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या १९९०च्या शिफारशींत कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसाचं एकक) आणि जनतेसाठी १ मिलिसिव्हर्ट हे आकडे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांतून कोबाल्ट, सिझियम, इरिडियम मुबलक निघू लागले, तशी परवान्यांची पद्धत रुळली. पण तिचं लक्ष खरेदीवर. वापर थांबल्यावर वस्तू कुठे जाते, हे विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

मेक्सिकोतल्या हुआरेझमध्ये एक उपचारयंत्र वर्षानुवर्षं गोदामात पडून होतं. १९८३च्या अखेरीस ते भंगारात गेलं आणि कोबाल्टचे सुमारे ६००० बारीक दाणे वाटेत सांडत, भट्टीत वितळत सळयांपर्यंत पोचले. जानेवारी १९८४मध्ये सळया नेणारा ट्रक रस्ता चुकून अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेच्या दाराशी आला, तिथला किरणोत्सार ओळखणारा शोधक वाजला, म्हणून हे कळलं. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात दवाखान्याच्या सोडून दिलेल्या इमारतीतून उपचारयंत्रातला सिझियम-१३७चा सुमारे ५१ टेराबेकरेलचा (सेकंदाला किती अणू विघटित होतात, याचं माप) स्रोत बाहेर गेला. आत सिझियम क्लोराइड होतं: मिठासारखं, पाण्यात विरघळणारं, हाताला चिकटणारं. चौघे दगावले, लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली. धातुरूप कोबाल्ट असता तर इतकं पसरलं नसतं; मोठ्या स्रोतांत ही पूड वापरावी का, हा वाद तिथूनच पेटला.

पुढे स्रोतांचे पाच वर्ग झाले. स्रोताची सक्रियता (टेराबेकरेलमधला तो आकडा) भागिले त्या किरणोत्सारी पदार्थाचं ‘धोकादायक मूल्य’, म्हणजे ताबा सुटला तर गंभीर इजा करू शकेल इतकी सक्रियता: भागाकार १००० किंवा जास्त आला तर पहिला वर्ग, १० ते १००० दुसरा, १ ते १० तिसरा. सिझियम-१३७चं मूल्य ०.१ टेराबेकरेल. म्हणजे गोयानियाचा स्रोत नुसत्या भागाकारानं दुसऱ्या वर्गात बसतो. पण उपचारयंत्रांना वापरावरून थेट पहिला वर्ग दिलेला आहे. ही दुहेरी मोजपट्टी गोंधळाची असली तरी योग्यच आहे.

आता ‘संपलेल्या’ स्रोताचं गणित पाहा. २०० टेराबेकरेलचा कोबाल्ट चार अर्धायुष्यांनी, म्हणजे २१ वर्षांनी, १२.५वर येतो. कोबाल्टचं मूल्य ०.०३. भागाकार ४००च्या वर. उपचाराला कुचकामी, उघड्या हातात मात्र घातक.

अशा स्रोताला ‘वापराबाहेरचा’ म्हणायचं की ‘कचरा’? कचरा म्हटलं की विल्हेवाटीचा खर्च, वाहतुकीची परवानगी, प्रमाणित पिंप, सगळं मालकाच्या माथी. म्हणून मालक ‘पुढेमागे लागेल’ म्हणत त्याला कोठीत ठेवतो. नियमांनी ही पळवाट बरीच वर्षं उघडी ठेवली, आणि माझ्या मते चूक इथेच झाली. २००३ साली युरोपीय संघानं उच्च सक्रियतेच्या बंदिस्त स्रोतांसाठी विल्हेवाटीची आर्थिक तजवीज आधीच करायला लावली, मालक दिवाळखोर झाला तरी पुरेल अशी. खरेदी करारातच पुरवठादाराकडून परतीची हमी घेणं हा दुसरा उपाय. पण पुरवठादारच बंद पडला तर ती हमी नुसता कागद.

भंगारअड्ड्यांच्या दारावर शोधक बसले, तरी शिशाच्या जाड कवचातला स्रोत त्यांना बहुधा दिसत नाही. कवच फुटलं की मग वाजतात. म्हणून आकाराच्या मानानं फारच जड लागणारा डबा बाजूला काढायला तिथल्या माणसांना शिकवावं लागतं. २००७ साली आलेलं लाल त्रिकोणी चिन्ह (किरणं, कवटी, पळणारा माणूस) यंत्राच्या बाहेरून दिसत नाही. ते आत, स्रोताच्या घरावर लावायचं असतं, यंत्र खोलणाऱ्यालाच दिसेल असं.