टर्मिनलचा जुना आयबीएम कीबोर्ड: मॉडेल एफ आहे की मॉडेल एम?

वर फंक्शन बटणांच्या दोन रांगा, एफ-१ पासून थेट एफ-२४ पर्यंत. डावीकडे आणखी दहा बटणं. एकूण १२२. आयबीएमच्या टर्मिनलसोबत, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डच्या संचासोबत, येणारं हे अवजड धूड एकदा पाहिलं की विसरत नाही. गोची अशी की याच मांडणीचे कीबोर्ड आयबीएमने मॉडेल एफ आणि मॉडेल एम या दोन्ही घराण्यांत बनवले. वरून बघून विकणाराही फसतो आणि घेणाराही. आत मात्र दोघांचं दुखणं वेगळं आणि उघडण्याची रीत तर पूर्णच वेगळी. म्हणून हातात ड्रिल घ्यायच्या आधी समोर काय आहे ते पक्कं करून घ्यावं.

ओळखायला एक बटण पुरतं. त्याची टोपी, म्हणजे बोट टेकतं तो वरचा भाग, सरळ वर ओढून काढा. आत एका नळीत उभी स्प्रिंग दिसेल. ती नळी सुटी असेल, धातूच्या पत्र्यातल्या भोकात बसवलेली असेल आणि भोवती पत्रा दिसत असेल, तर एफ. नळी आणि भोवतालचा पृष्ठभाग एकाच प्लास्टिकच्या ओतकामातला असेल, तर एम. वजनावर जाऊ नका, दोघेही जड. आवाजात फरक आहे, एफचा जरा टणत्कारी आणि एमचा दबका. पण दोन्ही ऐकलेले असल्याशिवाय तो कळत नाही.

घोळ होतो कारण वरची अर्धी यंत्रणा सारखीच आहे. बटण दाबलं की स्प्रिंग दबते, एका बिंदूला एकदम बाजूला वाकते, टक् असा आवाज येतो आणि तिच्या तळाशी असलेला छोटा फ्लिपर, म्हणजे डोलणारा तुकडा, डोलतो. इथून पुढे वाटा फुटतात. आयबीएमचे अभियंते रिचर्ड हॅरिस यांच्या १९७८ च्या पेटंटमधून आलेल्या एफमध्ये हा फ्लिपर वीजवाहक प्लास्टिकचा असतो. तो सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर डोलला की तिथली कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डातली बटणं वाचणारी चिप, ते टिपतो. धातूला धातू टेकत नाही, त्यामुळे संपर्क झिजण्याचा प्रश्नच नाही, आणि एकाच वेळी कितीही बटणं दाबली तरी प्रत्येक वेगळं ओळखलं जातं. १९८५ च्या सुमारास खर्च कमी करायला एम आला. त्यात फ्लिपर प्लास्टिकच्या पातळ मेंब्रेनवर, म्हणजे वीजवाहक रेघा छापलेल्या थरांवर, दाब देतो आणि आतले दोन थर एकमेकांना टेकतात. काही ठरावीक तीन बटणं एकत्र दाबली तर तो गोंधळतो.

एफला गाठतो तो फोम. वरचा पत्रा आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये फोमची चादर असते, आणि नळ्या जागेवर घट्ट राहतात त्या तिच्याच दाबाने. काही दशकांत हा फोम कुजतो. कुठे त्याचा भुगा होतो, कुठे डांबरासारखा चिकट लगदा. मग नळ्या हलायला लागतात, भुगा फ्लिपरखाली शिरतो आणि बटणं अधूनमधून उमटेनाशी होतात. पण इथे बनवणाऱ्याला दाद द्यावी लागते. एफ उघडता येईल असाच बांधलेला आहे. वरचा आणि खालचा पत्रा कानांमध्ये सरकवून अडकवलेले असतात. सगळ्या टोप्या काढायच्या, ढाचा उलटा ठेवायचा, कडेला लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हलके ठोके द्यायचे, की पत्रा सरकतो. लगदा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडा. सर्किट बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण त्यावर काही घासू नका. तांब्यावरचा थर गेला तर एफचं सगळं गणितच बिघडतं. पत्र्याला गंज असेल तर पॉलिश पेपर मारून रंग द्या. मग साधारण दीड-दोन मिलिमीटरचा नवा फोम, नळ्यांसाठी भोकं पाडून.

खरी परीक्षा बंद करताना. नवा फोम दाबाला विरोध करतो, म्हणून क्लॅम्प लावून पत्रे एकमेकांवर दाबावे लागतात, आणि तेवढ्यात एखादा फ्लिपर आडवा झालेला असतो. अशा वेळी चिडून जोर लावला की फ्लिपर तुटलाच समजा. बंद झाल्यावर प्रत्येक बटण दाबून टक् ऐका. जिथे आवाज नाही, तिथली टोपी काढा, कीबोर्ड उभा धरून स्प्रिंग नळीच्या मध्यावर आणा आणि टोपी पुन्हा बसवा.

एममध्ये फोम नाही, त्या जागी रबराची चादर आहे आणि ती टिकते. तिथे तुटतात त्या रिव्हेट, म्हणजे थर एकत्र धरणाऱ्या खुंट्यांची वितळवलेली टोकं. नळ्यांच्या प्लास्टिकच्या पाटीला मागे खुंट्या असतात. त्या मेंब्रेन आणि स्टीलच्या पत्र्यातून आरपार काढून कारखान्यात त्यांची टोकं वितळवलेली. वयाने ही टोकं तडकून पडतात. कीबोर्ड हलवल्यावर आत खडखडलं तर बहुतेक तेच. चहा सांडलेला असला तर पंचाईत आणखी वाढते, कारण तो मेंब्रेनच्या थरांत शिरून रेघा खातो. आत जायचं तर उरलेल्या सगळ्या खुंट्या कापाव्या लागतात. परतीची वाट नाही. त्यानंतर प्रत्येक खुंटीच्या जागी बारीक भोक पाडायचं, कीस झटकायचा आणि एम-२ मापाचे नट-बोल्ट बसवायचे. बोल्ट करकचून आवळू नका, दाब कमीजास्त झाला की काही बटणं जड लागतात. माझं मत विचाराल तर चार-पाच रिव्हेट गेल्या असतील आणि सगळी बटणं चालत असतील, तर एमला हात लावू नका. नवशिके हातोडीच्या धाकाने एफला घाबरतात. घाबरायला हवं ते एमला.

टोप्यांचं काम दोन्हीकडे एकच. त्या पीबीटी प्लास्टिकच्या, अक्षरं शाईने आत मुरवलेली. साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवल्या तरी बिघडत नाही.

राहिला प्लग. टर्मिनलच्या कीबोर्डाचा पाच पिनांचा गोल प्लग पीसीच्या जुन्या प्लगसारखा दिसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते. काही एमला तर नेटवर्कच्या केबलसारखा आरजे-४५ असतो. तो चुकूनही राउटरमध्ये खुपसू नका. टर्मिनलचे कीबोर्ड पीसीला नेहमीच्या संचापेक्षा निराळे, संच ३ चे स्कॅनकोड, म्हणजे प्रत्येक बटणाचे सांकेतिक क्रमांक, पाठवतात. त्यामुळे मध्ये छोटा मायक्रोकंट्रोलर आणि त्यावर चालणारं टीएमके किंवा क्यूएमकेसारखं कीबोर्डचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) लागतं. मूळ कंट्रोलरच मेला असेल तर मात्र पुन्हा फरक पडतो. एमचं मेंब्रेन साध्या मॅट्रिक्ससारखं, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीसारखं, वाचता येतं, पुरेशा पिनांचा कुठलाही मायक्रोकंट्रोलर चालतो. एफला कपॅसिटन्स मोजणारा खास कंट्रोलरच हवा.