कोउतो, मिया

कोउतो, मिया : (५ जुलै १९५५ – ). पोर्तुगीजमध्ये लिहिणारे मोझांबिकचे कादंबरीकार, कथाकार व निबंधकार. व्यवसायाने जीवशास्त्रज्ञ. मूळ नाव आंतोनियु एमिलियु लेइते कोउतो. जन्म बैरा या बंदराच्या शहरात, पोर्तुगालहून आलेल्या कुटुंबात. वडील फेर्नांदु कोउतो कवी व पत्रकार होते. ‘मिया’ या नावाबद्दल दोन हकीकती सांगतात : धाकट्या भावाला ‘एमिलियु’ म्हणता येईना ही एक आणि लहानपणचा मांजरांचा लळा ही दुसरी. लेखकाच्या स्वतःच्या सांगण्यात मांजरांचीच हकीकत अधिक येत असल्याने ती ग्राह्य धरावी.

चौदाव्या वर्षी त्यांच्या कविता छापून आल्या. १९७१-७२च्या सुमारास वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते लोरेन्सु मार्किश (आताचे मापुतो) येथे गेले. १९७४मध्ये फ्रेलिमोच्या (मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना) सांगण्यावरून शिक्षण सोडून ते पत्रकारितेत आले व पुढे देशाच्या वृत्तसंस्थेचे संचालक झाले. १९८५मध्ये पत्रकारिता सोडून त्यांनी जीवशास्त्र घेतले. राइज़ द ओर्वाल्यु (१९८३) हा पहिला कवितासंग्रह.

कोउतोंची भाषा हा अभ्यासकांतील मुख्य वादविषय. वोज़ेश आनोइतेसिदाश (१९८६) हा कथासंग्रह येताच मापुतोत वाद पेटला. या पुस्तकातली पोर्तुगीज लोकांच्या तोंडची की लेखकाने घडवलेली, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. एका मतानुसार ही भाषा सेना, न्दाऊ यांसारख्या बांटू भाषांच्या वळणाने बोलल्या जाणाऱ्या पोर्तुगीजची नोंद आहे. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ अंगोलाचे लुआंदिनु व्हिएइरा आणि ब्राझीलचे गिमाराँइश रोझा यांच्या लेखनात आहे. लुआंदिनोंमुळे आपण रोझांपर्यंत पोहोचलो, असे कोउतो स्वतः सांगतात. १९८०च्या जनगणनेत पोर्तुगीज मातृभाषा असलेले लोक सुमारे १.२ टक्केच होते. राज्यकारभाराची भाषा बहुतेकांना परकी होती, हे ध्यानात घेतले तर निव्वळ नोंदीचे मत टिकत नाही. लोकांनी वाकवलेल्या भाषेची रीत उचलून कोउतोंनी तिच्यात स्वतःचे शब्द घडवले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक.

ही घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. एश्तोरियाश आबेंसोन्यादाश (१९९४) या युद्धोत्तर कथांच्या नावात ‘आबेंसोआदु’ (आशीर्वाद लाभलेला) आणि ‘सोन्यादु’ (स्वप्नात पाहिलेला) हे शब्द ‘सो’ या समान ध्वनीवर जोडले आहेत. पहिल्या शब्दात हा ध्वनी शेपटीच्या ‘सी’ने लिहितात, दुसऱ्यात ‘एस’ने. जोडशब्दात ‘एस’ ठेवल्याने कानाला आशीर्वाद ऐकू येतो आणि कागदावर स्वप्न दिसते. अनुवादात हा सांधा निखळतो, कारण दुसऱ्या भाषेत त्या दोन अर्थांच्या शब्दांत समान ध्वनी असेलच असे नाही. इंग्रजी अनुवादाने हे नाव सोडून ‘पाऊस’ या अर्थाचे साधे नाव घेतले. २०००नंतरच्या पुस्तकांत अशी घडण विरळ होत जाते.

तेर्रा सोनांबुला (झोपेत चालणारी भूमी, १९९२) ही पहिली कादंबरी मोझांबिकमधील यादवी युद्धाची (१९७७–९२). जळालेल्या बसमध्ये आसरा घेतलेले म्हातारा तुआइर आणि मुलगा मुइदिंगा मृत किंद्झूच्या वह्या वाचतात. अकरा प्रकरणे आणि अकरा वह्या आलटून पालटून येतात. देशाच्या स्वातंत्र्यदिनावरून ‘पंचवीस जून’ असे नाव ठेवलेल्या किंद्झूच्या भावाला वाचवण्यासाठी बाप त्याला खुराड्यात कोंबड्यांसारखे राहायला लावतो. सुरेंद्र हा भारतीय दुकानदार किंद्झूला आपण दोघे एकाच महासागराची माणसे असल्याचे सांगतो. झिंबाब्वेतील ग्रंथमेळ्याच्या परीक्षकांनी ही कादंबरी विसाव्या शतकातील बारा उत्तम आफ्रिकी पुस्तकांत निवडली.

मराठी व गोव्याच्या वाचकांना ऊ ओउत्रु पे द सेरेइया (२००६) ही कादंबरी जवळची वाटावी. जेझुइट धर्मप्रसारक गोंसालु द सिल्व्हेइरा १५६०मध्ये मरियेची मूर्ती घेऊन गोव्याहून मोनोमोतापा या आफ्रिकी राज्याच्या दरबाराकडे निघतात. मूर्तीत जलदेवता किआंदा पाहणारा गुलाम निमी न्सुंदी तिला मोकळे करण्यासाठी तिचा पाय कापतो. जहाजावर दिया कुमारी ही भारतीय दासीही आहे. सिल्व्हेइरा ही ऐतिहासिक व्यक्ती असून मार्च १५६१मध्ये त्यांची हत्या झाली. दुसरे कथानक २००२मधले.

जेज़ुझालेंइ (२००९) ही कादंबरी ब्राझीलमध्ये आंतेश द नाशेर ऊ मुंदु या नावाने निघाली. ही दोन पुस्तके नव्हेत. ग्रंथसूचीत अशी चूक सहज होऊ शकते. आ कोंफिसाँव द लेओआ (२०१२) ही उत्तर मोझांबिकमधील सिंहांच्या हल्ल्यांवर आधारलेली कादंबरी. हे हल्ले पर्यावरण-सल्लागार म्हणून काम करताना कोउतोंना जवळून कळले. दक्षिण मोझांबिकमधील गाझा राज्याचा राजा न्गुंगुन्याने (पोर्तुगीजांकडून पकडला गेला डिसेंबर १८९५) याच्या पाडावावरील त्रिखंडी कादंबरी २०१५ ते २०१७-१८मधील.

त्यांचे बरेचसे निबंध मुळात भाषणे आहेत. पेंसातेंपुश (२००५) आणि ए स ओबामा फोस आफ्रिकानु? (२००९) हे महत्त्वाचे संग्रह. दुसऱ्यात मापुतोत २००५मध्ये दिलेले ‘सात मळके जोडे’ हे व्याख्यान आहे. आधुनिकतेच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचे हे जोडे : दोष नेहमी दुसऱ्यांचा, यश कष्टाने मिळत नाही, टीकाकार म्हणजे शत्रू, शब्द बदलला की वास्तव बदलते, गरिबीची लाज, अन्यायापुढे गप्प बसणे, आधुनिक होण्यासाठी इतरांची नक्कल. वसाहतवादाचा हिशेब मांडतानाच स्वतःच्या समाजालाही जाब विचारण्याचे हे धैर्य त्यांच्या कादंबऱ्यांइतकेच मोलाचे आहे.

कामोंइश (२०१३) व नॉयश्टाट (२०१४) हे त्यांना मिळालेले प्रमुख पुरस्कार. २०२४मध्ये त्यांना मेक्सिकोतील ग्वादालाहारा ग्रंथमेळ्याचा साहित्य पुरस्कार मिळाला.