रोबोकॉपीचं /ई वेगळं आणि /एमआयआर वेगळं, आता तरी लक्षात घ्या

रोबोकॉपी आणि एक्सकॉपी या विंडोजमध्ये टाइप करून फाइल कॉपी करायच्या कमांड, आणि /ई (/E), /एमआयआर (/MIR) हे कमांडपुढं लावायचे पर्याय. एक्सकॉपी तुम्हाला येतंय असं धरून चालतो, त्यामुळं त्यावर जास्त लिहीत नाही. 1986 च्या डॉस 3.2 पासूनची कमांड आहे. /एस दिलं की सबफोल्डरसकट कॉपी होतंय पण रिकामे फोल्डर सोडून, आणि /ई दिलं की रिकाम्यांसकट. रोबोकॉपीत हे दोन्ही अगदी तसंच आहे. ते आधी विंडोज एनटीच्या रिसोर्स किटमधनं वेगळं घ्यावं लागायचं, व्हिस्टापासून विंडोजमध्येच मिळतंय. एक्सकॉपी अजून वापरत असाल तर सोडा आता. फाइलचा पाथ, म्हणजे फोल्डरांसकट पूर्ण पत्ता, 254 अक्षरांच्या वर गेला की ते मेमरी कमी आहे म्हणून थांबतं, मेमरीचा तिथं काही संबंध नसतो आणि माणूस उगाच रॅम बघत बसतो.

खरा घोळ आहे /ई आणि /एमआयआरचा. कोल्हापुरात उद्यमनगर असो, शिरोली असो नाहीतर राजारामपुरीतला फोटो स्टुडिओ, बॅकअपची बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल) उघडली की /एमआयआर दिसतंय, आणि का लावलंय विचारलं तर म्हणतात, "सगळं कॉपी होतंय की त्यानं, सबफोल्डरसकट." अहो, ते तर /ई नं पण होतंय! /एमआयआर म्हणजे /ई अधिक /पर्ज, आणि पर्ज म्हणजे सोर्समध्ये (जिथनं कॉपी करतोय तिथं) जे नाही ते डेस्टिनेशनमधनं (जिथं कॉपी जातेय तिथनं) पुसून टाकायचं. रिसायकल बिनमध्ये जात नाही, विचारत नाही, सरळ पुसतं.

आता याचा अर्थ नीट बघा. ऑफिसातल्या पोरानं दुपारी चुकून एका पार्टीचा ड्रॉइंगचा फोल्डर उडवला, कुणाच्या लक्षात आलं नाही, रात्री शेड्युल केलेलं /एमआयआर चाललं आणि बाहेरच्या डिस्कवरचा तोच फोल्डर पण गेला. म्हणजे ज्या दिवसासाठी बॅकअप ठेवला त्याच दिवशी तो हातात नाही. /ई असतं तर डिस्कवरचा फोल्डर जागेवर राहिला असता. 2019 ला आणि 2021 ला ज्यांच्या दुकानात पंचगंगेचं पाणी शिरलं त्यांना दुसरी कॉपी कशाला लागते हे सांगायला नको, पण पाण्यापेक्षा हातानं डिलीट होणारंच रोजचं असतंय आणि त्याच्यापुढं /एमआयआर काही कामाचं नाही.

दुसरं, डेस्टिनेशन. /एमआयआर लावून डेस्टिनेशनला नुसतं ई:\ म्हणजे अख्खी ई ड्राइव्ह दिली आणि त्याच डिस्कवर लग्नाचे व्हिडिओ, घरचे फोटो असं इतर काय काय ठेवलेलं असलं, तर रोबोकॉपीच्या लेखी ते सगळं जादा आहे आणि ते पुसलं जातं. नेहमी त्या कामापुरता वेगळा फोल्डर द्यायचा. सोर्स-डेस्टिनेशन उलटसुलट झालं आणि सोर्सला नवीन कोरी डिस्क आली तर काय होईल ते तुम्हीच बघा. सोर्सचा पाथच सापडला नाही तर ते एरर देऊन थांबतं, काही पुसत नाही, पण पाथ आहे आणि आत काहीच नाही अशा वेळी ते बिनदिक्कत समोरचं सगळं साफ करतं.

आणि लोक फसतात ते स्क्रीनवरच्या एका ओळीमुळं. /ई चालवा नाहीतर /एमआयआर, डेस्टिनेशनला जादा असलेल्या फाइलसमोर 'एक्स्ट्रा फाइल' असंच येतं. /ई मध्ये ती नुसती माहिती असते, फाइलला हात लागत नाही. /एमआयआर मध्ये तीच ओळ म्हणजे फाइल चालली. ज्यानं /ई वापरून ती ओळ वर्षभर बघितलीय तो /एमआयआर मध्ये तिच्याकडं बघतच नाही. म्हणून /एमआयआर लावायच्या आधी तीच कमांड /एल जोडून चालवायची, त्यानं काही होत नाही, फक्त यादी येते. यादीत एक्स्ट्रा किती आणि कुठले ते सावकाश वाचायचं आणि मगच /एल काढायचं.

पण /ई म्हणजे सगळं सुरक्षित असंही समजू नका. बदललेली फाइल /ई सुद्धा जुन्यावर लिहितं, आणि सोर्समधली फाइल जुनी आणि डेस्टिनेशनमधली नवी असली तरी जुनी नव्यावर जाते, ते नको असेल तर /एक्सओ द्या. शिवाय फोल्डरचं नाव बदललं की /ई नं दोन्ही नावांचे फोल्डर तिकडं साठतात. फाउंड्रीत हे वाईट, कारण शॉप फ्लोअरच्या मशीनवर रद्द झालेलं ड्रॉइंग तसंच पडून राहतं आणि पॅटर्नवाला तेच उघडतो. तिथं मात्र /एमआयआरच पाहिजे, कारण तिथं मेन मशीनवर आहे तेवढंच दिसायला हवं. जुन्यावरनं नव्या सर्व्हरवर जातानाही आधी /ई आणि शेवटच्या रात्री, सगळे बाहेर पडल्यावर, एकदा /एमआयआर. बॅकअपला माझ्या मते तारखेच्या नावाचा वेगळा फोल्डर आणि /ई, जागा जास्त जाते ती जाऊ दे.

बाकीचं किरकोळ. /आर (किती वेळा परत प्रयत्न) आणि /डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) द्याच, नाहीतर हिशेबाची एखादी फाइल कुणी उघडी ठेवली की रोबोकॉपी 30 सेकंद थांबून परत प्रयत्न करतं आणि असं 10 लाख वेळा, म्हणजे एका फाइलपायी जवळजवळ वर्ष! /आर:2 /डब्ल्यू:5 पुरतं. एक्झिट कोड, म्हणजे काम संपल्यावर कमांड देते तो आकडा, 1 आला की बॅकअप फेल झाला असं बॅच फाइलमध्ये लिहू नका, 1 म्हणजे फाइल व्यवस्थित कॉपी झाल्या, 8 किंवा त्याच्या वर आला तरच गडबड. आणि पाथ अवतरणात लिहिताना शेवटचा बॅकस्लॅश काढा, तो पुढचं अवतरणचिन्ह खातो आणि पुढचं सगळं त्याच पाथमध्ये धरलं जातं.